आधी झाडं मोजा, मग पार्किंग आखा

प्रश्न : आमच्या सोसायटीचा पुनर्विकास होतोय. आवारात जुना कडुनिंब आहे. नकाशात त्याच्यापासून 3 मीटरवर बेसमेंटची भिंत दिसते. ‘खोडाला हात लावत नाही’ असं बिल्डर म्हणतात. एवढं पुरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. खोड वाचवून मुळं तोडली तरी झाड मरू शकतं, फक्त सावकाश. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर टेप गुंडाळून घेर घ्या, त्याला 3.14 ने भागा आणि आलेल्या व्यासाची 12 पट करा. खोडाभोवती तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी राखायचं. घेर 157 सेंमी असेल तर व्यास 50 सेंमी आणि त्रिज्या 6 मीटर. म्हणजे 113 चौरस मीटर, गुंठ्याहून थोडी जास्तच जागा! बीएस 5837 या ब्रिटिश मानकातलं हे गणित आपल्याकडेही कामी येतं. मात्र एका बाजूला जुना पाया किंवा खडक असेल तर मुळं दुसरीकडे धावतात. तिथे हाताने चर खणून खात्री करावी.

तुमच्या नकाशातली भिंत 3 मीटरवर असली, तरी शटरिंग (काँक्रीटचा साचा) आणि वॉटरप्रूफिंगसाठी बाहेरून मीटरभर जागा लागते. खोदाई 2 मीटरपर्यंत येणार. सोटमूळ शाबूत म्हणजे झाड शाबूत, हा गैरसमज आहे. पाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीतच असतात. म्हणून त्या वर्तुळात मातीचा भरावही नको, खडी-सिमेंटचा साठाही नको. ट्रकच्या चाकांनी माती दाबली गेली की मुळांना हवा मिळत नाही. पानगळ दोन-तीन पावसाळ्यांनी दिसते, तोवर ताबा देऊन बिल्डर मोकळा झालेला असतो.

सर्व्हेअरकडून प्रत्येक झाडाची जात, घेर, चारही दिशांचा फांद्यांचा पसारा आणि बुंध्याची जमीनपातळी नकाशावर घ्या. ही पातळी हमखास राहून जाते आणि प्लिंथ (इमारतीचं जोतं) उंचावला की बुंधा मातीत गाडला जातो. झाडाच्या वर्तुळाभोवती पत्र्याचं कुंपण जुनी इमारत पाडण्याआधीच घाला.

तोडायचंच ठरलं तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. राज्याच्या 1975 च्या कायद्यातील 2021 च्या दुरुस्तीनुसार 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकी वर्षं, तितकी भरपाईची झाडं लावावी लागतात. हा हिशेब बिल्डरपुढे मांडा. बेसमेंट आपोआप सरकतं.

प्रश्न : कुंपणाची भिंत आंब्याच्या मुळांवरून जाते. मुळं तोडावीत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : सलग पाया खणू नका. अडीच-तीन मीटरवर सुटे कॉलम घ्या, त्यांचे खड्डे हाताने खणा आणि जाड मूळ लागलं तर खड्डा सरकवा. कॉलमवरचा बीम मुळांच्या वर 10 सेंमी मोकळा ठेवा. बोटभर जाडीपर्यंतची मुळं धारदार करवतीने कापता येतात. जेसीबीने ओढू नका, मूळ आतपर्यंत फाटतं आणि कुजतं. उघडी पडलेली मुळं माती टाकेपर्यंत ओल्या गोणपाटाने झाका.