ओढ्यातला ट्राउट गेला कुठे?

प्रश्न: काका, नमस्कार. आम्ही पेनसिल्व्हेनियात पोकोनो भागात राहतो. घरामागच्या ओढ्यात 2008 साली माझ्या मुलाने पहिला ट्राउट धरला होता. आता एप्रिलचे दोन-तीन शनिवार मजा येते, नंतर गळ टाकून नुसतं बसायचं. हॅचरीतून, म्हणजे मत्स्यपैदास केंद्रातून, जास्त मासे सोडावेत म्हणून शेजारी सह्या गोळा करताहेत. मी सही करू का?

उत्तर: आधी एक थर्मामीटर घ्या, सहीचं मग बघू.

एप्रिलमध्ये तुमच्या गळाला लागतात ते मासे बहुतेक ओढ्याचे नसतातच. ते सिमेंटच्या हौदात दाण्यावर वाढलेले असतात. एकाची शेपटी, पर नीट पाहा. बऱ्याचदा कडा झिजलेल्या दिसतील. राज्याचं मत्स्य खातं असे तीसेक लाख ट्राउट दरवर्षी सोडतं. बरेच पहिल्या काही आठवड्यांत तव्यावर जातात, उरलेल्यांना उन्हाळा खातो. मीही पूर्वी स्वयंसेवक म्हणून बादल्या वाहिल्यात, त्यामुळे माशांचा ट्रक आला की पोरांना काय वाटतं ते ठाऊक आहे. पण तो जत्रेचा बाजार झाला, ओढा नव्हे.

ओढ्याचा स्वतःचा मासा म्हणजे ब्रूक ट्राउट. ब्राऊन ट्राउट युरोपातून आणला, रेनबो ट्राउट अमेरिकेच्या पश्चिमेकडून. ब्रूकला गार पाणी लागतं. पारा 68 अंश फॅरनहाइटच्या वर गेला की त्याचा जीव घुसमटतो, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा जुलैत दुपारी चारच्या सुमारास पाणी मोजा, आणि मोजत मोजत वर चढा. जिथे आकडा एकदम घसरेल तिथे थांबून आजूबाजूला बघा. कुणीतरी हौसेनं बांधलेलं तळं असेल, पार्किंगचं तापलेलं पाणी येत असेल, नाहीतर काठची झाडं गेली असतील. हेमलॉकची (सुयांसारख्या पानांची, सदाहरित) झाडं असली तर फांदी उलटी करा. सुयांच्या बुडाशी कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर ती आशियातून आलेली कीड आहे. हेमलॉक वठला की ओढ्यावरचं छप्परच उडालं. मग वरून मासे कितीही ओता.

तुमच्याच राज्यातल्या बेलफॉन्ट गावाजवळच्या स्प्रिंग क्रीक ओढ्याची गोष्ट ऐका. तिथे कारखान्याची विषारी रसायनं माशांत उतरली. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला मासे सोडणं थांबलं, धरलेला मासा परत सोडायचा नियम आला. खायची सोय गेली आणि जंगली ब्राऊन आपापला वाढला, इतका की लांबून लोक गळ टाकायला येतात. अर्थात तो ओढा चुनखडीतल्या गार झऱ्यांवर चालतो. तुमचा तसा नसेल, म्हणून तेच घडेल असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

खात्याची एक यादी असते, ट्राउट स्वतः वीण घालतो अशा ओढ्यांची. तुमचा ओढा त्यात आहे का पाहा. असेल तर सही मुळीच करू नका; बाहेरचे धष्टपुष्ट मासे जागा आणि खाणं दोन्ही बळकावतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोट्यांमध्ये उजळ, साफ केलेले खळगे दिसले तर ती अंडी घालायची जागा. आमच्याकडे कोकणात वलगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला वर चढणाऱ्या, माशांवर पोरं तुटून पडतात, तसं करू नका. तिथून बूट घालून चालूसुद्धा नका.

जुलैचे आकडे मला कळवा. तोवर शेजाऱ्यांना चहाला बोलवा, कागद मात्र त्यांच्याकडेच राहू दे.