अभिनयाच्या वर्गासाठी कर्ज काढावे का?

वर्षभराच्या अभिनयवर्गाची फी एकरकमी भरल्यास 15 टक्के सवलत मिळते, ती रक्कम 14 टक्के दराच्या वैयक्तिक कर्जातून भरावी आणि पुढे अभिनयाच्या कामांतून हप्ते फेडावेत, असा तुमचा विचार आहे. नोकरी चालू आहे, खर्च भागून दरमहा थोडी शिल्लक राहते आणि आजवर रंगमंचावर कधी उभे राहिलेला नाहीत, हेही तुम्ही मोकळेपणाने लिहिले आहे. वर्ग लावण्याला माझी हरकत नाही, कर्जाला आहे.

मूळ फी 100 धरली, तर सवलतीनंतर 85 भरावे लागतील. हे 85 दोन वर्षांच्या हप्त्यांनी फेडताना व्याजासह जवळपास 98 होतात, आणि त्यावर प्रक्रिया शुल्क लागले तर 100 मधून वाचलेले 2 सुद्धा हातचे जातात. बचतीतून भरायचे म्हटले, तरी 12 महिन्यांची फी सवलतीत 10.2 महिन्यांइतकी पडते. म्हणजे दहाव्या महिन्याअखेरपर्यंत केव्हाही वर्ग सोडलात, तर दरमहा भरणेच स्वस्त पडले असते. आपल्याला हे जमते का, रुचते का, हेच अजून ठाऊक नसताना एवढे बांधून घेऊ नये.

फीइतकाच महत्त्वाचा एक आकडा माहितीपत्रकात सहसा सापडत नाही. दोन तासांच्या वर्गात 20 विद्यार्थी असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 6 मिनिटे येतात. 8 असतील, तर 15. इतरांचे काम पाहूनही शिकता येते, हे खरे. पण तुम्ही नाटकातला प्रवेश सादर करत असताना शिक्षकांनी मध्येच थांबवून ‘समोरचा काय म्हणाला ते ऐकलेस, की स्वतःच्या वाक्याची वाट पाहत होतास?’ असे विचारणे आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावणे, हे त्या मोजक्या मिनिटांतच घडते. म्हणून फीला एकूण तासांनी न भागता या मिनिटांनी भागून पाहा; महाग वाटणारा लहान वर्ग पुष्कळदा स्वस्त निघतो. प्रवेश घेण्यापूर्वी एक वर्ग नुसता बसून पाहण्याची परवानगी मागा आणि डोकी मोजा.

अभिनयाच्या उत्पन्नाच्या रकान्यात तूर्त शून्य लिहा. ऑडिशन दिली म्हणजे काम मिळतेच असे नाही, मिळालेल्या कामाचे पैसे हप्त्याच्या तारखेला येतीलच असेही नाही, आणि हप्ता मात्र ठरल्या दिवशी खात्यातून वजा होतो.

माझ्या मते, दरमहा फी घेणारा वर्ग तीन महिन्यांसाठी लावावा आणि ती फी मासिक शिलकेतूनच भरावी. सहा महिन्यांच्या खर्चाइतका आपत्कालीन निधी बाजूला असेल, तर त्याला हात लावू नये; नसेल, तर शिलकेचा निम्मा भाग आधी तिकडे वळवावा. फी आणि हा निधी यांनंतरही शिलकेत काही उरत असेल, तर ते आवर्ती ठेवीत टाका. वर्षभराचा अभ्यासक्रम पुढे खरोखर घ्यावासा वाटला, तर ती रक्कम कामी येईल. व्यावसायिक छायाचित्रे आणि शोरील (आपल्या निवडक कामाची छोटी चित्रफीत) यांवर सध्या काहीच खर्च करू नका, कारण दाखवण्याजोगे काम अजून व्हायचे आहे. वर्ग मध्येच सोडल्यास फी परत मिळण्याच्या अटी मात्र पहिली पावती घेतानाच लेखी मागून घ्या.