पर्यटकांकडून जास्त भाडं घेणं हा अन्याय आहे का?

तुम्ही विचारलंय की व्हेनिसला वापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीच्या, एका फेरीला तुम्हाला 9.50 युरो पडले आणि शेजारी उभ्या असलेल्या तिथल्याच बाई 1.50 युरोत गेल्या. हा सरळसरळ भेदभाव नाही का, आणि आपल्याकडे असं केलं तर चालेल का?

मी दोन वर्षं मेस्त्रेला राहिले. मेस्त्रे हा व्हेनिस पालिकेचाच, पण जमिनीवरचा भाग. रोज पूल ओलांडून बेटावर कामाला जायचे. माझ्याकडे तिथल्या बोटीचं सवलतीचं कार्ड होतं, म्हणजे मी दीड युरोवाली. आई-बाबा आले तेव्हा मात्र दुसऱ्या रांगेतही उभी राहिले.

रेल्वे स्टेशनसमोरच्या धक्क्यावर मी दोघांचे तीन दिवसांचे पास काढले, प्रत्येकी 45 युरो. बाबा पावतीकडे बघतच राहिले. "चार हजार रुपये? एका माणसाचे? आणि तुला दीड युरो?" बोटीत बसल्यावरही त्यांचा चेहरा उतरलेलाच होता. पुढे सान मार्कुओलाच्या थांब्यावर एक आजी उभ्या होत्या, हातात चाकांची पिशवी, वर भाजीची पानं डोकावत होती. दोर बांधणाऱ्या खलाशाने हात आडवा केला. जागाच नव्हती, आमच्यासारख्यांच्या बॅगांनी बोट भरली होती. आजी काही बोलल्या नाहीत. पिशवी मागे ओढली आणि परत बाकावर जाऊन बसल्या. बाबांनी आपली बॅग पायाशी ओढून घेतली. तेवढ्याने जागा होणार नव्हती, तरी घेतली.

त्या आजींना दुसरा इलाज नाही हे लक्षात घ्या. बेटाच्या आत बस नाही, रिक्षा नाही, स्कूटर नाही. दवाखाना असो की बाजार, पायी जा नाहीतर बोटीने जा. आणि बोट चालवणं बसपेक्षा खर्चाचं काम आहे. 1951 साली जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहायची, 2022 मध्ये हा आकडा 50 हजारांच्या खाली गेला. याचं मोठं कारण बोटीचं भाडं नाही; महागडी घरं, आणि अलीकडे राहती घरं सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने दिली जाणं, ही आहेत. पण जे उरलेत त्यांनी भाजी आणायलासुद्धा साडेनऊ युरो मोजायचे असतील तर तेही किती दिवस टिकतील?

रात्री जेवताना बाबाच म्हणाले, "अगं, हा आपला पासच की." ते डोंबिवलीहून सीएसटीला 31 वर्षं लोकलने गेलेले. मला ते पटलं. मुंबईत लोकलचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास साधारण 15 एकेरी फेऱ्यांच्या पैशांत मिळतो. महिन्याला 50 फेऱ्या करणाऱ्याला एक फेरी तिकिटाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही स्वस्त पडते. त्याच डब्यात पाहुणा म्हणून आलेला माणूस पूर्ण तिकीट काढतो, आणि त्याला आपण भेदभाव म्हणत नाही. 2014 साली हा पास 30 फेऱ्यांच्या दराने करायचं ठरलं तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की काही दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. रोज ज्याला जावंच लागतं त्याच्यावर पूर्ण भाडं लादू नये, हे आपण फार पूर्वीच मान्य केलंय.

म्हणून माझ्या लेखी खरा प्रश्न दोन दर असावेत की नाही हा नाहीच. रेघ कुठे मारता, हा आहे. व्हेनिसचं कार्ड इटालियन असण्यावर मिळत नाही. मेस्त्रेत बांगलादेशी वस्ती मोठी आहे. तिथून बेटावरच्या हॉटेलात स्वयंपाकाला येणारा माणूस दीड युरोत जातो आणि रोमहून फिरायला आलेला इटालियन साडेनऊ मोजतो. बाहेरच्या माणसालाही कार्ड काढता येतं, फक्त त्याला ते महाग पडतं. कार्ड फक्त तिथल्याच माणसाला दिलं असतं तर युरोपात ते बहुधा खपलं नसतं. इटलीतल्या काही संग्रहालयांत ज्येष्ठांना फुकट प्रवेश होता, पण फक्त इटालियन नागरिकांना किंवा त्या गावच्या रहिवाशांना. 2003 मध्ये युरोपीय न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. आपल्या घारापुरीला भारतीयाला 40 रुपये आणि परदेशी माणसाला 600 लागतात. तिथे पासपोर्ट बघतात, आणि ते मला खुपतं.

एस्टोनियाच्या तालिन शहराने 2013 पासून शहरात नोंद असलेल्यांना बस-ट्राम फुकट केली, पाहुण्यांना तिकीट ठेवलं. नोंद केली की त्या माणसाच्या आयकराचा वाटा शहराला मिळतो. जो खर्च उचलतो त्याला सवलत, इतका सरळ हिशेब.

तरी दोन गोष्टी मला डाचतात. एक, भाडं वाढवून गर्दी हटत नाही. विमानाचे पैसे भरून आलेला माणूस साडेनऊ युरोंसाठी परत जात नाही. आजींना भाड्यापेक्षा जास्त उपयोग झाला तो मोठ्या थांब्यांवर कार्डवाल्यांना आधी सोडणाऱ्या वेगळ्या फाटकाचा. दुसरी, कागदपत्रं. माझ्या ओळखीची एक बाई एका म्हाताऱ्या जोडप्याची देखभाल करायची. घरमालक भाडेकरार करून देईना, म्हणून रहिवासी नोंद नाही, म्हणून तिला बाहेरच्यांचं महाग कार्ड. शहराचे म्हातारे ती सांभाळत होती आणि कागदावर ती पाहुणी होती.

आपल्याकडे याची सवय आहेच. टोलनाक्यापासून 20 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी गाडीला स्वस्तातला मासिक पास मिळतो. गोव्यात उलट आहे, साध्या फेरीबोटीवर पायी चढणाऱ्या कुणालाच तिकीट नाही, मग तो पणजीचा असो की पॅरिसचा. माथेरानला ई-रिक्षा सुरू झाली तेव्हा शाळेच्या मुलांना 5 रुपये आणि बाकी सगळ्यांना 35 रुपये ठरले होते. तिथे उद्या दोन दर करायचे झाले तर आधारवरचा पत्ता बघू नये, असं मला कळकळीने वाटतं. नेरळहून रोज वर येणारा हॉटेल कामगार माथेरानचा रहिवासी नाही, पण त्या रिक्षेची गरज त्यालाच जास्त आहे. जो रोज जातो त्याला पास द्या, मग तो कुठलाही असो.

पुन्हा व्हेनिसला गेलात तर सुटी तिकिटं काढू नका, तीन दिवसांचा पास घ्या. मेस्त्रेहून येणाऱ्या बसला कार्ड नसलं तरी दीड युरोच लागतो. मोठा कालवा नुसता ओलांडायचा असेल तर त्रागेत्तो नावाची गोंडोला 2 युरोत पलीकडे सोडते, स्थानिकांना 70 सेंट. आणि बॅगा मोठ्या असतील तर सकाळची बाजाराची वेळ टाळा.