सातवा मुद्दा खोड

चि. पोरीस,

तू पाठवलेला परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. बाकी सगळं ठीक आहे, पण सातव्या मुद्द्याशी अडकले. "अर्जदार क्रमांक 2 स्वतःसाठी अथवा अज्ञान मुलासाठी आज व भविष्यात कोणतीही पोटगी मागणार नाही." अज्ञान म्हणजे कायद्याच्या भाषेत 18 वर्षांखालचं मूल. खाली तू लिहिलं आहेस, "मावशी, त्याचा एक रुपयाही नको. सुटले की झालं."

तुझ्या स्वतःच्या पोटगीचं काय करायचं ते तू ठरव. नको असेल तर सोड, मी एक शब्द बोलणार नाही. पण मुलाची पोटगी तुझी नाही. ती मुलाची आहे, आणि जे तुझं नाही ते तुला सोडता येत नाही.

हे मी इतकं ठासून सांगते कारण मी स्वतः तशी सही केली होती. चौथ्या पानावर, निळ्या शाईने. लेक तेव्हा चार वर्षांची होती. वकिलांनी विचारलं, "बाई, नक्की ना?" मी मान ताठ करून हो म्हणाले. नोकरी होती, हातात बळ होतं, आणि त्या घराकडे पुन्हा हात पसरायचा नव्हता. लेक सोळा वर्षांची असताना कपाटात तिला तो कागद सापडला. ती रडली नाही की ओरडली नाही. त्या ओळीवर बोट ठेवून एवढंच म्हणाली, "यात माझं नाव आहे. मला कुणी विचारलं होतं?"

तिला मी काहीच उत्तर देऊ शकले नाही.

आता कायद्याचं ऐक. तुम्ही 14 महिने वेगळे राहताय, त्यामुळे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13ब ची 1 वर्षाची अट पूर्ण झाली. अर्ज दाखल झाल्यावर साधारण 6 महिने थांबावं लागतं. 2017 च्या अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या निकालापासून न्यायालय ही मुदत माफ करू शकतं, पण त्यासाठी पोटगी, मुलाचा ताबा हे सगळं खरोखर मिटलेलं असावं लागतं. "सही कर, म्हणजे लवकर सुटशील" असं तो म्हणतो ते यावरूनच. थांब ना 6 महिने! घाईची किंमत तुझा मुलगा का मोजेल? आणि अर्ज दाखल झाल्यावरही, अंतिम हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते. तेव्हा "आता माघार नाही" या धमकीला भुलू नकोस.

"मी कमावते, मग मागू कशी?" हा तुझा प्रश्न. तू कमावतेस म्हणून बापाची जबाबदारी संपत नाही. मुलाच्या शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापाने करायचा, आणि आईही पुरेसं कमावत असेल तर तो दोघांत प्रमाणात वाटता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात म्हटलं आहे. त्याच निकालामुळे दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणून पोटगीचा अर्ज लांबवला की ते महिने मुलाच्या हातून जातात. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं पूर्वीचं कलम 125 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं आहे. तो अर्ज तू राहतेस तिथेच करता येतो, त्याच्या शहरात खेटे घालायला नकोत. हुकूम होऊनही पैसे थकले तर वसुलीचा अर्ज देय तारखेपासून 1 वर्षाच्या आत कर. मी ओळखते अशा दोघी "देईल, देईल" म्हणत थांबल्या आणि थकबाकी बुडाली.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

"मुलाला काढून घेईन" असं तो म्हणतो, हे वाचून मला संताप आला. मुलगा तीन वर्षांचा आहे. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडेच असावा, असं 1956 चा पालकत्वाचा कायदाच सांगतो, आणि कुठलंही न्यायालय शेवटी मुलाचं हित पाहतं. पण तूही एक पथ्य पाळ. त्याने पैसे दिले नाहीत म्हणून मुलाची भेट अडवायची नाही. पैसा जसा मुलाचा, तसा बापही मुलाचाच. इथेही तुझ्या रागाला मत नाही.

तू म्हणशील, मावशी स्वतः ताठ राहिली आणि मला वाकायला सांगते. मी वाकले नाही याचा मला आजही अभिमान आहे. दोन-दोन नोकऱ्या केल्या, लेकीला काही कमी पडू दिलं नाही. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनेही हेच केलं असतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. पण तिला हव्या त्या कॉलेजची फी मला झेपली नाही, म्हणून ती दुसरीकडे गेली, हेही तितकंच खरं आहे. तो ताठा माझा होता. त्याची फी तिने भरली. मूल अज्ञान असेपर्यंत त्याची पोटगी मागता येते, आईने आधी काहीही लिहून दिलेलं असो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. तुला मी सांगते आहे, त्यामुळे तुला ती सबब नाही.

सातव्या मुद्द्यातले "अथवा अज्ञान मुलासाठी" हे शब्द खोड. त्या जागी दरमहा रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात, दरवर्षी किती वाढ, शाळेची फी आणि दवाखाना कुणाकडे किती, असं स्पष्ट लिहून घे. तो तयार नसेल तर सही करू नकोस, कलम 144 चा अर्ज टाक. परवा वकिलांकडे जाशील तेव्हा नव्या पानाचा फोटो मला पाठव. मी जागी असेन.

तुझी,
मावशी