जखम बरी झाली तरी दुखतं का, यावर करिअर होतं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं, मला समजलं ते असं. सासूबाईंना नागीण झाली, पुरळ तीन-चार आठवड्यात सुकलं पण दुखणं गेलं नाही, वर्ष होत आलं, बरगडीच्या त्या पट्ट्यावर मऊ सुती कपडा घासला तरी कळवळतात. तपासण्या सगळ्या नॉर्मल. डॉक्टरांनी एक गोळी दिली, ती डिप्रेशनची आहे असं कुणीतरी सांगितलं, झालं, "मी काय वेडी आहे का" म्हणून त्यांनी ती परस्पर बंद करून टाकली, आणि घरातलंच कुणीतरी बोलून गेलं की आता दुखणं मनाचंच उरलंय. त्यावर तुमची लेक जी भडकली ती अजून शांत नाहीये. आता म्हणते डॉक्टर नाही व्हायचं, मेंदू दुखणं कमी-जास्त कसं करतो त्यावर रिसर्च करायचाय. शाळा संपत आलीये, विषय निवडायचेत, गणित सोडून नुसतं बायोलॉजी घेते म्हणते. बाबांचं म्हणणं, दुखण्यावर कसला रिसर्च, डॉक्टर हो मग काय ते कर. आणि तुम्ही मधल्यामधे.

आधी बाबांसाठी. विषय आहे, चांगला घसघशीत विषय आहे, आणि गंमत म्हणजे तुमच्या घरात जे भांडण झालं ना, तेच या विषयात तीनशे वर्षं चाललं होतं.

जुनी समजूत अशी की दुखणं म्हणजे घंटेची दोरी. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या १६६४ साली छापलेल्या लिखाणात चित्रच आहे, पाय विस्तवाजवळ गेला की आतली दोरी ओढली जाते आणि वर डोक्यात घंटा वाजते. जेवढी जखम तेवढी घंटा. हे खरं धरलं तर आजींची घंटा वाजायलाच नको, म्हणजे मग त्या एक तर नाटक करतायत नाहीतर मनाचं आहे. तुमच्या घरातलं ते वाक्य इथून आलंय. पण दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाच्या भूलतज्ज्ञाने इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी सैनिकांना विचारलं की दुखण्यावर काही देऊ का, तर चारातल्या साधारण तिघांनी नको म्हटलं. १९४६ मधे त्याने ते छापलं. जखम केवढी आणि घंटा केवढी! म्हणजे दोरी आणि घंटेच्या मधे कुणीतरी बसलंय हे उघड होतं, पण कोण आणि कुठे ते कळत नव्हतं.

पहिलं धड उत्तर १९६५ मधे आलं, रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांची गेट कंट्रोल थिअरी. कोपर आपटलं की आपण विचार न करता ते चोळतो, तर चोळल्याचा निरोप जाड आणि वेगवान तंतूंमधून येतो, ठणक्याचा येतो तो बारीक तंतूंमधून, सेकंदाला फार तर मीटर-दोन मीटर अशा रमतगमत चालीने, आणि हे दोन्ही निरोप मज्जारज्जूत शिरतात तिथे एक फाटक आहे जे चोळल्यामुळे थोडं लोटलं जातं. त्या फाटकाचे तपशील पुढे सगळेच काही बरोबर ठरले नाहीत पण मुख्य मुद्दा टिकला. बाबांना एक सांगा, यातला वॉल डॉक्टर होता पण मेल्झॅक डॉक्टर नव्हता, सायकॉलॉजीचा माणूस होता.

आणि मग मला स्वतःला सगळ्यात आवडणारा भाग, तो म्हणजे हे फाटक वरूनही हलतं. १९६९ मधे डेव्हिड रेनॉल्ड्सने उंदरांच्या मेंदूत खोलवर असलेल्या एका छोट्या भागाला करंट दिला, पेरिॲक्विडक्टल ग्रे असं जिभेला गाठ मारणारं नाव आहे त्याचं, आणि नेहमीची भूल न देता पोटाचं ऑपरेशन केलं, दुखतंय असं उंदरांच्या वागण्यात दिसलं नाही. म्हणजे मेंदूकडे स्वतःचा ब्रेक आहे. १९७५ मधे ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना मेंदूतच बनणारं, मॉर्फिनच्या चालीने काम करणारं रसायन सापडलं, एन्केफॅलिन. आणि १९७८ चा एक प्रयोग तर तुमच्या घरात मोठ्याने वाचून दाखवावा असा आहे. अक्कलदाढ काढलेल्या पेशंटना लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी खोटं औषध दिलं, काहींना त्यानेच बरं वाटलं, मग त्यांना नॅलोक्सोन दिलं, जे मॉर्फिनचा परिणाम मारतं, आणि त्यांचं दुखणं परत वाढलं. आता बघा, खोट्या औषधाने आलेला आराम "मनाचा" होता तर मॉर्फिनविरोधी औषधाने तो जाईल कसा? जातो, कारण मनाचं म्हणतो तेही रसायनांनीच चालतं, त्याच ब्रेकच्या वायरीतून.

हा ब्रेक आहे तसा ॲक्सिलरेटरही आहे. मेंदू आणि मज्जारज्जू जोडतात तिथल्या एका भागात हॉवर्ड फील्ड्सच्या लॅबला दोन प्रकारच्या पेशी सापडल्या, त्यांना ऑन सेल आणि ऑफ सेल म्हणतात. उंदराच्या शेपटीला उष्णता दिली की तो शेपूट झटकतो, आणि झटकण्याच्या बरोब्बर आधी ऑन सेल, म्हणजे ॲक्सिलरेटरवाल्या, धडाधड फायर होतात आणि ऑफ सेल, म्हणजे ब्रेकवाल्या, गप्प बसतात. पेशींची वीज टिपणारी बारीक तार असते, इलेक्ट्रोड, तिचा आवाज स्पीकरवर लावतात, लाह्या फुटल्यासारखं तडतडतं, ते ऐकत कुणीतरी तासन्‌तास बसलेलं असतं तेव्हा कुठे असलं एक वाक्य पुस्तकात येतं. ते कुणीतरी म्हणजे उद्या तुमची लेक.

आजींच्या बाबतीत, मी डॉक्टर नाही पण ढोबळ सांगते, नागिणीचा व्हायरस नसेलाच इजा करून जातो, आणि दुखण्याचे निरोप सारखे येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशी हळव्या होऊन बसतात. क्लिफर्ड वूल्फने १९८३ मधे हे दाखवलं, सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. मग कपडा घासल्याचा साधा निरोपसुद्धा दुखण्याच्या खात्यात जमा होतो. तपासणीत हे दिसत नाही म्हणून ते नाही असं होत नाही. आणि ती गोळी. मेंदूचा ब्रेक नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिन या रसायनांवर चालतो, डिप्रेशनच्या काही गोळ्या नेमकी हीच वाढवतात, म्हणून डिप्रेशन अजिबात नसलेल्या माणसालाही नसेच्या दुखण्यावर त्या देतात. हे कुणी पाच मिनिटं बसून आजींना सांगितलं असतं तर!

आता करिअर.

बाबांचा रस्ता चुकीचा नाहीये. डॉक्टर होऊन भूलशास्त्र किंवा न्यूरोलॉजीत जाऊन पेन मेडिसिनकडे वळता येतं आणि सोबत रिसर्चही करता येतो, करणारे करतात. फक्त "आधी डॉक्टर हो मग काय ते कर" यातलं "मग" फार लांब असतं, आणि मी अशी बरीच मुलं पाहिलीत जी त्या मग पर्यंत पोचेस्तोवर दमून जातात, मूळ प्रश्न कुठे राहिला ते त्यांनाच आठवत नाही. दुसरा रस्ता सरळ सायन्सचा, बीएस्सी एमएस्सी पीएचडी, विषय न्यूरोसायन्सच हवा असं नाही, फिजिऑलॉजी बायोकेमिस्ट्री सायकॉलॉजी काहीही. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन पेशीवरच्या ज्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतं तो १९९७ मधे शोधणारा डेव्हिड ज्युलियस बायोकेमिस्ट्रीतून आलेला, २०२१ चं नोबेल त्याला आणि आर्डेम पटापूटियन यांना मिळालं. इंजिनिअरिंगवालेही इथे लागतात, मज्जारज्जूला करंट देणारी यंत्रं कुणीतरी बनवतंच ना. फिजिओथेरपीतूनही लोक येतात.

मी लेकीला एकच विचारेन, अगं, तुला आजीजवळ बसायचंय का आजीच्या प्रश्नाजवळ? दोन्ही चांगलंच आहे पण दिवस फार वेगळा जातो. पेशंटजवळ बसणाऱ्याला आज संध्याकाळी कळतं की बरं वाटलं की नाही. प्रश्नाजवळ बसणाऱ्याला कधीकधी वर्षभर काहीच कळत नाही. दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसांमधला एनएव्ही १.८ नावाचा सोडियम चॅनल, म्हणजे तो निरोप पुढे सरकवणारं पेशीवरचं एक दार, १९९६ मधे ओळखला गेला आणि त्याला अडवणारी गोळी अमेरिकेत मंजूर झाली जानेवारी २०२५ मधे, तीही सध्या नव्याने उद्भवलेल्या, थोड्या दिवसांच्या दुखण्यासाठी, आजींसारख्या जुनाट दुखण्यासाठी नाही. जवळजवळ तीस वर्षं. आणि ही तर यशाची गोष्ट झाली. एनकेवन नावाचा आणखी एक रिसेप्टर अडवणारी औषधं प्राण्यांमधे छान चालली, माणसांच्या दुखण्यावर सपशेल पडली, कित्येकांची वर्षं त्यात गेली. त्याच जातीचं औषध पुढे केमोथेरपीच्या उलट्यांवर कामाला आलं, ते वेगळं. उंदीर शेपूट झटकतो, पण त्याला कसं वाटतंय हे तो सांगत नाही, या विषयाची खरी अडचण ती आहे.

उंदरांवरूनच आठवलं, या क्षेत्रात बरंच काम प्राण्यांवर चालतं, दुखण्याचा अभ्यास म्हणजे दुखवावं लागतं, नियम कडक असतात तरी प्रत्येकाला ते झेपत नाही. ते नको असेल तर माणसांवरचं काम आहे, एमआरआय स्कॅनरमधे माणूस झोपवून हाताला मोजून उष्णता द्यायची आणि मेंदू बघायचा वगैरे, पण हे आधीच स्वतःला विचारलेलं बरं, पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी नको.

पैशाचं लपवत नाही. पीएचडीला चार ते सहा वर्षं, पुढे पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या लॅबमधे काही वर्षं रिसर्च, स्वतःची लॅब मिळेपर्यंत पस्तिशी सहज उलटते आणि सगळ्यांना मिळतही नाही, जागा कमी आणि माणसं जास्त. पण मिळाली नाही म्हणजे शिक्षण पाण्यात गेलं असंही नाही, औषध कंपन्या, क्लिनिकल ट्रायल, मेडिकल उपकरणं, डेटाचं काम, इकडे ही माणसं जातात आणि बरी कमावतात. बाबांना हे पटायला वेळ लागेल, लागू दे.

गणित मात्र सोडू देऊ नका, इथे मी अडून बसणार. हल्ली एका प्रयोगात शेकडो पेशींची नोंद होते, ती नुसती बघून काही कळत नाही, स्टॅटिस्टिक्स आणि थोडं कोडिंग येत नसेल तर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. तिला गणित आवडत नाही का मार्क कमी पडतात म्हणून नको झालंय ते आधी बघा, दुसरं असेल तर त्यावर इलाज आहे.

आणि निर्णय लगेच घेऊ नका. तिला तीन आठवड्यांचं काम देते. आजींची परवानगी घेऊन रोज तीन ठराविक वेळांना विचारायचं, शून्य ते दहात आत्ता किती दुखतंय, दरवेळी तेच शब्द, तोच सूर, "आज बरं दिसतंय हां" असलं काही आधी बोलायचं नाही. सोबत लिहायचं, झोप कशी झाली, घरात कोण आलं होतं, एकट्या होत्या का गप्पांत रमल्या होत्या. मग ग्राफ काढायचा. पहिल्या आठवड्यात तिला कंटाळा येईल, दुसऱ्यात लक्षात येईल की आपण कसं विचारतो त्यावरही आकडा हलतो, आणि ते लक्षात आल्यावर ती वैतागते का तिला अजून खोदावंसं वाटतं, ते मला कळवा. माझा सल्ला त्यावर ठरेल.

ती वही पुढच्या वेळी डॉक्टरांकडे न्या, आणि गोळी आपणच बंद केलीये हेही सांगून टाका, लपवू नका. लेकीला सोबत घ्या. गोळी कशासाठी होती ते तीच विचारेल, आणि आजींना समजावून पण तीच सांगेल.