राणीनं ‘राजीनामा’ दिला म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘डेन्मार्कच्या राणीवरच्या लेखात मी “राणीने राजीनामा दिला” असं लिहिलं. संपादकांनी ते खोडून “राज्यत्याग केला” असं केलं. माझं चुकलं का? आणि आता तिला राजमाता म्हणायचं का?’

आधी घडलं काय ते पाहू, कारण शब्दाची निवड त्यावरच ठरेल. ३१ डिसेंबर २०२३च्या संध्याकाळी दुसरी मार्ग्रेटे (नावात ‘थ’ दिसत असला तरी डॅनिश माणूस ‘ट’च म्हणतो) दरवर्षीसारखं नववर्षाचं भाषण करत होती. शेवटाकडे तिनं सांगून टाकलं, की १४ जानेवारीला मी राणीपदावरून बाजूला होते आणि सिंहासन मुलाच्या, फ्रेडरिकच्या हवाली करते. १४ जानेवारीच का? १९७२मध्ये त्याच तारखेला तिचे वडील, नववे फ्रेडरिक, वारले आणि ती गादीवर आली. बरोबर ५२ वर्षं झाली. आदल्या फेब्रुवारीत पाठीची मोठी शस्त्रक्रिया झाली होती, तेव्हापासून तिच्या मनात हा विचार घोळत होता.

ठरल्या दिवशी कोपनहेगनच्या क्रिस्टियान्सबॉर्ग राजवाड्यात मंत्र्यांसह बैठक झाली. राणीनं कागदावर सही केली, उठली, आपल्या खुर्चीकडे हात करून मुलाला बसायला सांगितलं आणि काठी टेकत बाहेर पडली. जाताना ‘देव राजाचं रक्षण करो’ एवढंच म्हणाली. त्या सहीबरोबरच दहावा फ्रेडरिक राजा झाला आणि थोड्या वेळानं पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी सज्जातून तसा तीनदा पुकारा केला. मुकुट नाही, अभिषेक नाही. म्हणून तेव्हा काही मराठी बातम्यांत दिसलेला ‘राज्याभिषेक’ मला खटकला. अभिषेकात पाणी लागतं. तिथे सही लागली आणि सज्जा लागला. ‘राज्यारोहण’ म्हणा, नाहीतर सरळ ‘गादीवर बसला’ म्हणा.

आता तुमचा ‘राजीनामा’. आज हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे मंत्री येतो. राजीनामा मागतात, तो खिशात घेऊन फिरतात, वरचे तो मंजूर करतात नाहीतर फेटाळतात. म्हणजे वर कुणीतरी हवं. राणीच्या वर कोण? या अर्थानं तुमच्या संपादकांचं बरोबर आहे.

पण शब्दाच्या पोटात शिरलं तर गंमत आहे. राजी आणि नामा, म्हणजे राजीखुशीचं पत्र. मुंबई इलाख्यातल्या रयतवारीत जमीन सोडणारा खातेदार ‘राजीनामा’ लिहून द्यायचा आणि घेणारा ‘कबुलायत’. जुने फेरफार चाळणाऱ्यांना ‘राजीनामा-कबुलायत’ ही जोडी चांगली ओळखीची असते. आता क्रिस्टियान्सबॉर्गमधलं ते टेबल पुन्हा डोळ्यांपुढे आणा. एक सही करून उठते, दुसरा त्याच जागी बसतो. तलाठ्याला विचाराल तर तो राजीनामा-कबुलायतच म्हणेल. तुम्ही नकळत जुन्या अर्थाच्या फार जवळ गेलात, एवढंच. आजचा वाचक मात्र तो अर्थ घेणार नाही.

‘राज्यत्याग’ही मला पटत नाही. त्यागाला किंमत मोजावी लागते. १९३६मध्ये इंग्लंडच्या आठव्या एडवर्डनं वॉलिस सिम्पसनशी लग्न करता यावं म्हणून गादी सोडली, तिथे तो शब्द शोभतो. त्याच्यासाठी पार्लमेंटला कायदाही करावा लागला. मार्ग्रेटेनं वयाच्या ८३व्या वर्षी ५५ वर्षांच्या ‘युवराजा’ला जागा करून दिली, त्यात त्याग कसला? ‘पायउतार’ हा शब्द तर घोड्यावरून किंवा पालखीतून उतरण्याचा. पण वर्तमानपत्रांनी त्याला इतकी ढकलाढकल चिकटवली आहे, की राणीला कुणीतरी खाली खेचलं असं वाटावं. राहता राहिला ‘पदत्याग’. त्यातही त्याग आहेच, पण वापरून वापरून त्याची धार गेली आहे. शीर्षकात तो चालेल. मजकुरात मी ‘मुलासाठी गादी सोडली’ असं लिहीन.

‘राजमाता’ नात्यानं बिनचूक आहे, पण आपल्या कानाला त्यात जिजाऊ ऐकू येतात. स्वतः ५२ वर्षं गादीवर बसलेली बाई त्यात दिसत नाही. तिथल्या दरबारानं तिचा ‘राणी’ हा किताब कायम ठेवला आहे. त्यामुळे डेन्मार्कमध्ये आज राणी मार्ग्रेटे आणि फ्रेडरिकची पत्नी राणी मेरी, अशा दोन राण्या आहेत. नेदरलँड्सची रीत वेगळी. २०१३मध्ये बेआट्रिक्सनं मुलासाठी गादी सोडली आणि वयाच्या ७५व्या वर्षी ती पुन्हा ‘राजकन्या’ झाली. आटपाट नगरातल्या राजकन्येला एवढं वय कुणी दिलं नव्हतं!

राजाची बायको आपोआप राणी, पण राणीचा नवरा राजा नव्हे, ही अडचण मात्र डॅनिशमध्येही आहे आणि मराठीतही. मार्ग्रेटेचे पती हेन्रिक यावरून आयुष्यभर रुसले. दोघांसाठी रोस्किल्डेच्या कॅथेड्रलमध्ये एकत्र समाधी बनवून घेतली जात होती. २०१७मध्ये त्यांनी जाहीर केलं, की हयातीत बरोबरीचा मान मिळाला नाही, तर मेल्यावर शेजारी झोपणार नाही. पुढच्याच फेब्रुवारीत ते गेले. अर्धी रक्षा डेन्मार्कच्या समुद्रात सोडली आणि अर्धी फ्रेडेन्सबॉर्ग राजवाड्याच्या बागेत पुरली. तेव्हा तुमच्या लेखात त्यांचा उल्लेख येणार असेल, तर ‘राजे हेन्रिक’ लिहू नका. ‘राणीचे पती, प्रिन्स हेन्रिक’ एवढंच.