‘कारात्तेरिस्ता’, ‘चरित्र अभिनेता’ आणि ठसा

प्रश्न : तिबेरिओ मुर्जा या इटालियन विनोदी नटावर मी मराठीत टिपण लिहीत आहे. इटालियनमध्ये त्यांना ‘कारात्तेरिस्ता’ म्हणतात. त्यासाठी ‘चरित्र अभिनेता’ हा शब्द चालेल का? आणि ज्या नावाने ते ओळखले गेले, त्या ‘फेर्रिबोत्ते’चा अर्थ काय?

उत्तर : ‘चरित्र अभिनेता’ हा शब्द आपल्याकडे हिंदीतून आला आणि चांगला रुळलाही आहे, तरीही या टिपणात तो वापरू नये, असे माझे मत आहे. हिंदीत ‘चरित्र’ म्हणजे कथेतले पात्र असाही अर्थ होतो. मराठीत मात्र चरित्र म्हटले की एखाद्याची जीवनकथा डोळ्यांसमोर येते. चरित्रनायक, चरित्रपट, आत्मचरित्र हे सगळे शब्द त्याच अर्थाने चालतात. त्यामुळे हा नट थोर पुरुषांच्या भूमिका करत असावा, असा वाचकाचा समज होण्याचा संभव आहे, आणि मुर्जा यांनी तर जन्मभर भुरटे चोर, संशयी भाऊ आणि मत्सरी नवरे रंगवले.

‘कारात्तेरिस्ता’ हा शब्द ‘कारात्तेरे’पासून झाला आहे आणि त्याचे मूळ ग्रीक आहे. कोरणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आधी कोरणीचे हत्यार, मग नाण्यावर उठवलेली खूण, आणि पुढे माणसाच्या मनावर उमटलेली कायमची खूण, म्हणजे स्वभाव, असा त्याचा प्रवास झाला. छापखान्यातल्या अक्षराच्या खिळ्यालाही इटालियनमध्ये आजही ‘कारात्तेरे’च म्हणतात. आपल्या ‘चरित्र’ शब्दाचे मूळ ‘चर्’, म्हणजे चालणे, वागणे. तेव्हा दोन्ही शब्द कानाला जवळचे वाटले तरी त्यांचे नाते काहीच नाही. खरे नाते आहे ते ‘ठसा’ या शब्दाशी. नाण्यावरही ठसा असतो आणि मनावरही ठसा उमटतो. ग्रीक शब्दाने जो अर्थविस्तार शतकानुशतके चालून गाठला, तो आपल्या या दोन अक्षरी शब्दात आयताच आहे. म्हणून ‘ठरावीक ठशाच्या भूमिकांत शोभून दिसणारे विनोदी नट’ असे लिहावे. वाक्य थोडे लांबते, पण अर्थ सरळ पोहोचतो. ‘साचेबद्ध’ हा शब्द मात्र टाळावा, कारण त्यात निंदेची छटा आहे आणि ‘कारात्तेरिस्ता’त ती नाही.

मुर्जा यांच्या बाबतीत तर ठसा हा शब्द अक्षरशः लागू पडतो. त्यांचा जन्म 1929 साली सार्डिनिया बेटावरच्या ओरिस्तानो येथे झाला. पोटासाठी ते बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या कोळसाखाणीत उतरले, परत येऊन रोममधल्या एका खानावळीत भांडी घासू लागले, आणि तिथेच चित्रपटवाल्यांच्या नजरेस पडले. मारिओ मोनिचेल्ली यांच्या 1958 सालच्या ‘इ सोलिती इन्योती’मध्ये त्यांना फेर्रिबोत्तेची भूमिका मिळाली. (या शीर्षकाचा शब्दशः अर्थ ‘नेहमीचेच अज्ञात’. आपली वर्तमानपत्रे ‘अज्ञात चोरट्यांनी’ असे जे लिहितात, त्याच जातीचा हा बातमीतला शब्दप्रयोग आहे.) भिंत फोडून चोरी करायला निघालेल्या गरीब टोळीतला हा सिसिलियन, म्हणजे सिसिली बेटावरचा, भाऊ. अंगात काळे कपडे, चापून बसवलेले केस, बारीक मिशी, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. आणि बहीण कार्मेलीना हिच्यावर कोणाची नजर पडू नये म्हणून तिला घरात कुलपाआड ठेवणारा. स्वतः कधीही न हसता प्रेक्षकांना हसवणे हे काम किती अवघड आहे, ते या भूमिकेत नीट पाहता येते.

इथे एक गोष्ट तुमच्या टिपणात यायलाच हवी. सिसिलियन पुरुषाचा नमुना म्हणून सगळ्या इटलीने ज्यांना ओळखले, ते मुर्जा सिसिलीचे नव्हतेच. त्यांची बोली सार्डिनियाची होती, म्हणून चित्रपटात दुसऱ्या नटाचा सिसिलियन हेलाचा आवाज त्यांच्या तोंडी घातला गेला. त्याच चित्रपटात नेपल्सच्या कार्लो पिसाकाने यांनी रंगवलेला कापान्नेल्ले हा म्हातारा चोर बोलोन्याच्या हेलात बोलतो, तोही उसन्या आवाजात. म्हणजे चेहरा एका मुलखाचा आणि वाणी दुसऱ्या मुलखाची. पण हा जोड इतका पक्का बसला की मुर्जा पुढे शंभरेक चित्रपटांत बहुधा त्याच सिसिलियन रूपात दिसत राहिले. ‘ला ग्रांदे गुएर्रा’ (1959) या युद्धपटातही ते आहेत, आणि 1985 साली फेर्रिबोत्तेची भूमिका त्यांनी पुन्हा केली. 2010 साली त्यांचे निधन झाले.

आता ‘फेर्रिबोत्ते’. मेस्सिनाची सामुद्रधुनी ओलांडून सिसिलीची माणसे आणि आगगाड्याही मुख्य भूमीवर नेणाऱ्या ज्या बोटी आहेत, त्यांचे इंग्रजी नाव तिकडच्या जिभेवर वळून हा शब्द तयार झाला. इटालियन शब्दाला शेवटी स्वर लागतो, म्हणून ‘बोट’चे ‘बोत्ते’ झाले. आपल्याकडे दाभोळच्या खाडीत किंवा गोव्यात मांडवीवर चालणारी फेरीबोट ती हीच; फरक इतकाच की आपल्याला त्यातली ‘फेरी’ आपल्याच ‘फिरणे’, ‘फेरा’ यांच्या घरातली वाटते आणि शब्द परका वाटत नाही. मूळ इंग्रजी शब्द मात्र वाहून नेणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. टिपणात नाव ‘फेर्रिबोत्ते’ असेच ठेवावे आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘म्हणजे फेरीबोट’ एवढे जोडावे.